रोज नव्या सुरक्षा त्रुटी आणि मालवेअर निघतात. कारखान्यात एकट्याने त्यांचा माग कसा ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात ६० कॉम्प्युटर, २ सर्व्हर, १ फायरवॉल (इंटरनेट आणि आतलं नेटवर्क यांच्यातला पहारेकरी) आणि ४ सीएनसी (कॉम्प्युटरने चालणारी) मशीन आहेत, आयटी बघणारे तुम्ही एकटे, आणि रोज बातम्या वाचूनही नेमकं काय करायचं ते कळत नाही. माझा पहिला सल्ला असा की त्या बातम्या काही दिवस बाजूला ठेवा. २०२४ या एकाच वर्षात ४० हजारांच्या आसपास सीव्हीई क्रमांक (जाहीर झालेल्या प्रत्येक त्रुटीला मिळणारा क्रमांक) दिले गेले, म्हणजे दिवसाला शंभराहून जास्त. एवढं कुणाच्यानेही वाचून होत नाही. तुमच्याकडे काय आहे हे कागदावर आलं, की त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त आपोआप गळून पडतं.

म्हणून पहिले दोन दिवस फक्त यादी करा. एक्सेलमध्ये रकाने असे: वस्तू, सॉफ्टवेअर, आवृत्ती, कंपनीचा सपोर्ट कधीपर्यंत, इंटरनेटवरून पोहोचता येतं का, आणि बिघडलं तर कुणाला फोन करायचा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘विंगेट लिस्ट’ चालवलं की सॉफ्टवेअर आणि आवृत्त्या मिळतात. कॉम्प्युटर सगळेच मोजतात. राहून जातात ते सीसीटीव्हीचा डीव्हीआर, बायोमेट्रिक हजेरीचं मशीन, नॅस (नेटवर्कला जोडलेला फाइल साठवायचा डबा), प्रिंटर, वायफाय राउटर आणि कंपनीच्या वेबसाइटवरचे वर्डप्रेस प्लगइन. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. असे कॉम्प्युटर यादीत लाल रंगाने दाखवा.

‘इंटरनेटवरून पोहोचता येतं का’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो कुणाला विचारून भरू नका, तपासून भरा. लॅपटॉप मोबाइलच्या डेटावर घ्या आणि कारखान्याच्या स्टॅटिक आयपीवर (इंटरनेटवरच्या कायमच्या पत्त्यावर) एनमॅप हे उघडे पोर्ट, म्हणजे नेटवर्कची दारं, शोधणारं सॉफ्टवेअर चालवा. पोर्ट ३३८९ उघडा दिसला तर रिमोट डेस्कटॉप जगाला खुला आहे. तो आजच बंद करून व्हीपीएनच्या (सुरक्षित खाजगी जोडणीच्या) मागे घ्या. ४४५, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगचा पोर्ट, उघडा असेल तर त्याहून वाईट. ८००० किंवा ३७७७७ दिसला तर बहुधा कॅमेरे बसवणाऱ्याने मालकांना मोबाइलवर दिसावं म्हणून पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरून थेट आत वाट देऊन) ठेवलेलं असतं, आणि त्याची नोंद कुठेच नसते.

आता बाहेरची माहिती. रोज सकाळी पाच मिनिटं एकच यादी पाहा: अमेरिकेच्या सीसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेची केईव्ही. ही नोव्हेंबर २०२१ पासून सुरू आहे आणि तिच्यात प्रत्यक्ष हल्ल्यात वापरल्या गेलेल्या त्रुटीच असतात. तिची सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी) फाइल फुकट उतरवता येते. कंपनी आणि उत्पादन हे रकाने तुमच्या एक्सेलशी जुळवायचे. त्रुटी रॅन्समवेअरवाल्यांनी (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांनी) वापरल्याचं माहीत असेल तर तेही तिथे वेगळ्या रकान्यात लिहिलेलं असतं. दुसरा स्रोत आपली सर्ट-इन, म्हणजे सायबर सुरक्षेसाठीची भारत सरकारची संस्था. तिच्या सूचनांमध्ये भारतात वापरल्या जाणाऱ्या उत्पादनांची माहिती असते. तिसरा, तुमच्या फायरवॉलच्या आणि सर्व्हरच्या कंपनीचे स्वतःचे सुरक्षा ईमेल. हे ईमेल स्वतःच्या नावावर मागवू नका, त्यासाठी वेगळा मेलबॉक्स काढा. उद्या तुम्ही नोकरी बदललीत तर पुढच्या माणसाला काहीच मिळणार नाही, असं व्हायला नको.

त्रुटींना मिळणाऱ्या गुणांकाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण गल्लत इथेच होते. सीव्हीएसएसचा ० ते १० हा आकडा त्रुटी किती गंभीर ते सांगतो. ती वापरली जाण्याची शक्यता किती, ते नाही. शक्यतेसाठी ईपीएसएस हा वेगळा आकडा आहे, तो पुढच्या ३० दिवसांचा अंदाज देतो. झिप आणि रार फाइल उघडणाऱ्या विनरारची २०२३ मधली त्रुटी, सीव्हीई-२०२३-३८८३१, घ्या. गुण ७.८, म्हणजे ‘अतिगंभीर’ गटातही नाही. पण ऑगस्टमध्ये ६.२३ आवृत्ती येण्याआधी एप्रिलपासूनच तिच्यावरून हल्ले चालू होते. आणि विनरार स्वतःहून अपडेट होत नाही! २०२५ मध्ये पुन्हा तशीच वेळ आली आणि दुरुस्ती ७.१३ मध्ये आली. वर्षानुवर्षं उघडूनही न पाहिलेली विनरारची आवृत्ती तुमच्या अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर आज तपासा, ७.१३ पेक्षा जुनी असेल तर बदला.

नाव जुळवण्यातही एक खड्डा आहे. डिसेंबर २०२१ मधली लॉग४जेची (इतर सॉफ्टवेअरच्या आत नोंदी ठेवणाऱ्या घटकाची) त्रुटी ज्यांच्याकडे होती, त्यांच्यापैकी अनेकांच्या यादीत ‘लॉग४जे’ हा शब्दच नव्हता. तो घटक दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटात होता. तेव्हा ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि हजेरीच्या सॉफ्टवेअरवाल्यांना ईमेलवर लेखी विचारा की आत कोणते घटक आणि कोणत्या आवृत्त्या आहेत. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडूनच संकट येऊ शकतं. २७ जून २०१७ चा नॉटपेट्या हा मालवेअर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला, आणि न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या गटाच्या टर्मिनलचं कामही त्याने अडवलं. आपल्या जिल्ह्यातली निर्यातीची द्राक्षं त्याच बंदरातून जातात, त्यामुळे ‘एवढ्या लांबचं आपल्याला काय’ असं म्हणता येत नाही.

पॅच (त्रुटी बुजवणारं अपडेट) लावण्याचं वेळापत्रक असं ठेवा. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे रात्री साडेदहा किंवा हिवाळ्यात साडेअकराला. बुधवारी सकाळी वाचा आणि चार कॉम्प्युटरवर लावा: टॅली आणि डिजिटल सहीचा टोकन असलेला एक, कॅडचा एक, लेबल प्रिंटर जोडलेला एक आणि तुमचा स्वतःचा. दोन-तीन दिवस सगळं नीट चाललं तर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बाकीचे. अशी चाचणी का, ते १९ जुलै २०२४ ला दिसलं: क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले.

मात्र त्रुटी केईव्हीत आहे आणि ती वस्तू इंटरनेटला उघडी आहे, असं असेल तर चाचणीसाठी थांबू नका. ४८ तासांत लावा. फायरवॉल असेल तर आधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप कारखान्याबाहेर ठेवा आणि जुन्या फर्मवेअरवरून (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरवरून) थेट नव्यावर उडी चालते का ते कंपनीच्या कागदात पाहा. मधली पायरी चुकवल्यामुळे व्हीपीएनच्या सेटिंग उडू शकतात. शिवाय पॅच लावला म्हणजे आधीच आत शिरलेला माणूस बाहेर जात नाही. २०२३ च्या सिट्रिक्स ब्लीड या त्रुटीत पॅचनंतरही चोरलेली सेशन (आधी झालेली लॉगिन) चालू राहत होती. म्हणून चालू सेशन तोडा, पासवर्ड बदला आणि नवं अ‍ॅडमिन खातं तयार झालंय का ते बघा.

‘इन्स्टॉल झालं’ या शब्दांवर विश्वास ठेवू नका. रीस्टार्ट न झालेल्या कॉम्प्युटरवर पॅच अर्धवट असतो. ‘विनव्हर’ कमांडने बिल्ड क्रमांक पाहा, सी ड्राइव्हवर २० जीबी तरी मोकळी आहे का ते पाहा. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर ज्या त्रुटीतून पसरला तिचा पॅच १४ मार्च २०१७ ला आला होता आणि हल्ला १२ मेला झाला. मधे ५९ दिवस होते.

सीएनसीचं विंडोज एक्सपी किंवा ७ पॅच होणार नाही, त्यात वेळ घालवू नका. वेगळं व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा), इंटरनेट बंद, आणि प्रोग्रॅम फक्त एका मधल्या कॉम्प्युटरमार्फत. पेन ड्राइव्ह आधी तिथेच तपासायचा.

मालवेअरचा माग त्रुटींइतका बारकाईने ठेवायची गरज नाही, त्यांची रूपं तासाला बदलतात. वाट कोणती तेवढं पाहा: जीएसटी बिल किंवा पर्चेस ऑर्डरच्या नावाने आलेली झिप, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं ‘आरटीओ चलान’चं एपीके (मोबाइलवर बसणारी फाइल), क्रॅक केलेलं कॅड. मेलवर आयएसओ, जेएस, व्हीबीएस, एलएनके आणि एचटीए फाइल सरळ अडवा. संशयित फाइल व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या वेबसाइटवर चढवू नका. पैसे भरणारे सदस्य ती उतरवू शकतात आणि ग्राहकाचं ड्रॉइंग बाहेर जातं. पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ने हॅश (फाइलचा ठसा) काढून तो तिथे शोधा. काहीच सापडलं नाही तर फाइल नवी असू शकते, ती सुरक्षित आहे असा अर्थ काढू नका.

काही घडलंच तर नेटवर्कची केबल काढा, मशीन बंद करू नका, मेमरीतले पुरावे जातात. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं आणि लॉग (यंत्रांनी ठेवलेल्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे असतात. लहान फायरवॉलच्या स्वतःच्या मेमरीत ते काही दिवसच राहतात, म्हणून सिसलॉग या लॉग पाठवायच्या सोयीने दुसऱ्या सर्व्हरवर पाठवा आणि सगळ्यांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायच्या सोयीने) जुळवा. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

पुढचा प्रश्न विचाराल तेव्हा फायरवॉलचं मॉडेल, फर्मवेअर क्रमांक आणि कारखान्याचं नाव एकत्र लिहू नका, ते हल्लेखोरालाही वाचता येतं.