ठरलेलं आणि अटळ

नौपाडा, ठाणे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

ऐरोलीहून आलेलं तुझं पत्र वाचलं. ‘सगळं आधीच ठरलेलं असेल, तर अभ्यास कशाला करायचा?’ असं तू विचारलंस. प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना आहे आणि त्यात दोन निरनिराळे विचार एकमेकांत गुंतले आहेत.

नियततावाद सांगतो की जगाची आजची स्थिती आणि निसर्गाचे नियम पाहता उद्या एकच संभवतो. दैववाद सांगतो की तू काहीही केलंस तरी शेवट तोच. पहिल्यात तुझं करणं हे पुढच्या घटनेचं कारण असतं. दुसऱ्यात ते वाया जातं. ही गल्लत माणसाला आतून ढिलं करते, म्हणून एवढ्या कळकळीने लिहितोय.

बुद्धांच्या काळी आजीवक पंथाचा मक्खली गोसाल नियती मानत असे. दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या सामञ्ञफलसुत्तात त्याचं मत येतं: फेकलेली सुताची गुंडी जशी उलगडून संपते, तसे मूर्ख आणि शहाणे दोघेही भटकत भटकत दुःखाच्या अंताला पोचतात, पुरुषार्थ असं काही नाही. (हे त्याच्या विरोधकांनी नोंदवलेलं आहे, हे विसरू नकोस.) हा दैववादाकडे झुकलेला विचार. ग्रीसमध्ये ल्युसिपस या तत्त्वज्ञाने सारं काही कारणाने आणि अपरिहार्यपणे घडतं असं म्हटलं. तुझ्या प्रश्नाला मात्र थेट उत्तर दिलं ते ख्रिसिपस या ग्रीक तत्त्वज्ञाने, इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात. ‘बरं व्हायचं नशिबात असेल तर वैद्य कशाला?’ असं लोक म्हणत. तो म्हणाला, बरं होणं ठरलेलं असेल, तर वैद्याला बोलावणंही त्याच्याबरोबरच ठरलेलं आहे. तुझा अभ्यासही तसाच निकालाच्या आत आहे, निकालाबाहेर नाही.

नियततावादाची आधुनिक मांडणी लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाची, १८१४ सालची: प्रत्येक कणाची स्थिती आणि सारी बलं जाणणाऱ्या बुद्धीला भूत-भविष्य दोन्ही समोर दिसेल. या लाप्लासने भरती-ओहोटीची समीकरणंही मांडली होती. आपल्या खाडीला उधाण कधी आणि भांग (लहान भरती) कधी, हे चेंदणीचे कोळी तिथीवरून सांगतात. आज त्याचं वर्षभराचं कोष्टक आधीच छापता येतं. पण त्याच खाडीवर महिन्याभराने नेमक्या कुठल्या दिवशी किती पाऊस पडेल, ते कुणालाच सांगता येत नाही. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेंझने १९६३ मध्ये दाखवलं की पूर्णपणे नियमबद्ध समीकरणांतही सुरुवातीचा बारीकसा फरक पुढे प्रचंड वाढतो. म्हणजे एखादी गोष्ट नियत असूनही भाकिताच्या पलीकडे असू शकते. माझ्या मते या साऱ्या चर्चेतला हा सर्वांत मोलाचा मुद्दा आहे.

पुंजभौतिकीने (क्वांटम भौतिकीने) सूक्ष्म पातळीवर केवळ शक्यता उरवल्या, म्हणून स्वातंत्र्य परत मिळालं, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. माझा हात निव्वळ यदृच्छेने उचलला गेला, तर तो निर्णय माझा कसा? उलट माझ्या विचारांतून, माझ्या स्वभावातून तो उचलला गेला, तर कारणांची साखळी असूनही तो माझाच आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १८८४ मध्ये नियतता आणि स्वातंत्र्य दोन्ही मानणाऱ्या अशा तडजोडीला ‘सौम्य’ नियततावाद म्हटलं आणि ती पळवाट आहे अशी टीका केली. मी तरीही तडजोडीच्या बाजूचा आहे. जेम्सचा आक्षेप तुला खरा वाटतो का, ते पुढच्या पत्रात कारणांसकट लिही.

तुझा,
काका