पहिल्या पर्यावरण ऑडिटला जातोय त्या भावासाठी

भाऊ, जळगाव एमआयडीसीत चटईवाला असो का डाळमिलवाला, आधी त्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र मागून घे अन् घरीच नीट वाच, त्यात उत्पादन किती, सांडपाणी किती, सगळं लिहिलेलं असतं, ऑडिट म्हणजे निम्मं तेच ताडून पाहणं.

ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं, लॉगबुक दाखवतील, महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात अन् पीएच रोज ७.२ दिसला की समजून घे, एका बैठकीत भरलंय. मग गोड बोलून ईटीपीचा वेगळा वीजमीटर बघ, ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) रोज चालला म्हणता तर युनिट का नाही पडले? मीटरला खोटं बोलता येत नाही ना भो.

जनरेटरचं जळकं ऑइलही घातक कचऱ्यातच मोडतं, हे बरेच जण विसरतात. साधारण ९० दिवसांच्या वर साठवायचं नाही, पाठवलं तर फॉर्म १०, म्हणजे कचरा वाहतुकीची नोंद, पाहिजे. घातक कचऱ्याचा वार्षिक अहवाल म्हणजे फॉर्म ४, तो ३० जूनपर्यंत, अन् पर्यावरण विवरणपत्र म्हणजे फॉर्म ५, ते ३० सप्टेंबरपर्यंत, पोचपावती बघच.

अन् मे महिन्यात चिमणीवर चढायचं असेल तर सकाळीच उरक, दुपारी शिडीला हात लावता येत नाही.