सागाच्या जाळीसाठी स्क्रोल सॉचं कोणतं ब्लेड, आणि ते लावायचं कसं

प्रश्न असा आहे: देवघरासाठी 12 मिमी सागाच्या फळीत जाळी कापताना स्क्रोल सॉसोबत (बारीक ब्लेड वर-खाली हलवून नक्षी कापणाऱ्या मशीनसोबत) आलेलं पिनवालं, म्हणजे टोकांना आडवी पिन असलेलं ब्लेड रेघ सोडून पळतं, खालच्या बाजूने ढलप्या उडतात, कडा काळ्या पडतात आणि ब्लेडं वारंवार तुटतात. या चारही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक घेतो.

आधी पिनवालं ब्लेड बाजूला ठेवा. पिन आत जाण्यासाठी साधारण 5 मिमीचं भोक लागतं, जाळीचा छोटा कप्पा तेवढ्यानेच संपतो. शिवाय टोकाला पिन बसवायची म्हणून ही ब्लेडं रुंद असतात आणि बारीक वळण घेत नाहीत. बिनपिनीचं 5 इंची ब्लेड दीड मिमीच्या भोकातून आरामात जातं. तुमच्या मशीनला फक्त पिनची खाच असेल तर बिनपिनीच्या ब्लेडसाठीचे क्लॅम्प त्या मॉडेलला बसतात का ते बघा. नाजूक जाळीच्या दृष्टीने ब्लेडच्या खालोखाल महत्त्वाचा खर्च हाच.

आता नंबर. 2/0, 1, 3, 5, 7, 9 असे नंबर चढत जातात तसं ब्लेड रुंद आणि जाड होतं. पेगास, निक्वा, ऑलसन या कंपन्यांच्या एकाच नंबरात थोडा फरक असतो, पण अंदाज सांगायचा तर 1 नंबर साधारण 0.6 ते 0.7 मिमी रुंद, 3 नंबर 0.8 ते 0.9, आणि 5 नंबर 1 मिमीच्या आसपास. 12 मिमी सागाला 5 नंबर घ्या. नक्षीत फार आवळ वळणं असतील तेवढ्यापुरतं 3 नंबर. 1 नंबर इथे वापरू नका. इतक्या जाड, कठीण लाकडात ते धनुष्यासारखं वाकतं आणि कप्प्याची भिंत फुगीर होते. 3 मिमी प्लायला मात्र 1 नंबरच हवं, कारण कुठल्याही क्षणी निदान दोन-तीन दाते लाकडात असले पाहिजेत. मोठ्या दात्यांचं ब्लेड पातळ प्लायला धडका मारत जातं.

ढलप्यांवर उपाय म्हणजे रिव्हर्स दात्यांचं ब्लेड. त्याचे खालचे काही दाते वर तोंड केलेले असतात आणि वर येताना खालची कड साफ करतात. पण ते योग्य उंचीवर बसवलं तरच. प्लग काढा, हाताने चाक फिरवून ब्लेड सर्वांत वर आणा आणि टेबलाच्या वर किती उलटे दाते दिसतात ते मोजा. दोन किंवा तीन हवेत. एकही दिसत नसेल तर ढलप्या तशाच उडणार. पाच-सहा दिसले तर फळी उचलली जाऊन टेबलावर आपटते. कमी-जास्त असेल तर ब्लेड क्लॅम्पमध्ये वर-खाली सरकवा. फळी मात्र नेहमीपेक्षा जरा घट्ट दाबून धरावी लागते.

ब्लेड बहुधा उजवीकडे ओढतं, आणि यात हाताचा दोष नाही. पुष्कळ ब्लेडांचे दाते पाडताना एका बाजूला बारीक बर (धातूची धारदार कंगोरी) राहते आणि ती बाजू जास्त कापते. टाकाऊ तुकड्यावर सरळ रेघ मारून 50 मिमी कापा. रेघेवर राहण्यासाठी फळी किती तिरकी धरावी लागली ते बघा. साधारण 3 ते 5 अंश निघेल. त्या ब्लेडला तोच कोन ठेवायचा. सरळपट्टी लावून कापायचा प्रयत्न करू नका.

ताण बघायला बोटाने ब्लेडला बाजूने हलका दाब द्या. 3 मिमीहून जास्त हललं तर ढिलं आहे. छेडल्यावर खणखणीत, वरच्या पट्टीतला आवाज यावा. नव्या ब्लेडवर तेल असतं, म्हणून दोन्ही टोकं 320 च्या पॉलिश पेपरने घासा, नाहीतर ती क्लॅम्पमधून निसटतात. निसटताना ब्लेड तुटल्यासारखाच मोठा आवाज होतो, तेव्हा फेकण्याआधी बघून घ्या. खरंच तुटलं असेल तर कुठे तुटलं ते महत्त्वाचं: क्लॅम्पजवळ तुटलं तर वरचा-खालचा क्लॅम्प एका रेषेत नाही, मधोमध तुटलं तर तुम्ही ढकलताय, किंवा ब्लेड बोथट झालंय.

आणि सागात ते लवकर बोथट होतंच. या लाकडात सिलिका (वाळूसारखा कठीण घटक) असते, ती धार खाते, आणि तेलकट भुसा दात्यांत चिकटतो. 12 मिमी सागात 15-20 मिनिटं सलग कापल्यावर धार उतरू लागली तर ब्लेडला नावं ठेवू नका. पुढे रेटावं लागतंय, कड तपकिरी होतेय, वळणावर ब्लेड भटकतंय, यातलं एक जरी दिसलं तरी बदला. ब्लेडं डझनाने घ्यायची वस्तू आहेत. महागाची सागवानी फळी वाया घालवून ब्लेड वाचवण्यात हशील नाही. कडा जळू नयेत म्हणून नक्षीच्या कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवा आणि टेपसकट कापा. घर्षण कमी होतं, फरक लगेच दिसतो. वेग मिनिटाला 1000 स्ट्रोकच्या (ब्लेडच्या वर-खाली फेऱ्यांच्या) आसपास पुरे, आवळ वळणावर आणखी कमी.

टेबल काटकोनात आहे का हे मशीनवरच्या खुणांवरून ठरवू नका. 40 मिमी जाडीच्या ठोकळ्याच्या कडेला 2-3 मिमी खोल खाच कापा, मशीन थांबवा, ठोकळा फिरवून तीच खाच ब्लेडच्या मागच्या बाजूला न्या. ब्लेड खाचेत सरळ सरकलं तर टेबल बरोबर. 2 अंशांचा फरक किरकोळ वाटतो, पण 12 मिमी जाडीत तो एका भिंतीला 0.4 मिमी भरतो. सगळे कप्पे एकाच दिशेने फिरत कापले तर 3 मिमीची पट्टी एका बाजूने जेमतेम 2.2 मिमी उरते.

कापताना आधी ब्लेड ओवायची सगळी भोकं पाडा, खाली टाकाऊ प्लाय ठेवून. भोकाच्या मागची कुसं पटाशीने साफ करा, नाहीतर फळी टेबलावर डुगडुगते. मधले कप्पे आधी, मग बाहेरच्या दिशेने, आणि बाहेरची कड सर्वांत शेवटी, म्हणजे धरायला शेवटपर्यंत लाकूड राहतं. टोकदार कोपऱ्यात रेघेने आत जा, थोडं मागे या, टाकाऊ भागात जागच्या जागी वळा आणि दुसऱ्या रेघेने पुढे निघा. वळताना पुढे अजिबात रेटायचं नाही. उलट ब्लेडच्या गुळगुळीत पाठीला लाकूड हलकं टेकवायचं.

नक्षी मांडतानाच एक बघून घ्या: सर्वांत बारीक पट्ट्या लाकडाच्या रेषांच्या दिशेने आल्या पाहिजेत. आडव्या रेषांची 3 मिमीची सागवानी पट्टी पॉलिश पेपर मारतानाच तुटते. नक्षीमुळे दोन्ही दिशांना पट्ट्या येणारच असतील, तर आडव्या पट्ट्या 5 मिमी ठेवा.

स्पायरल (पीळ दिलेलं) ब्लेड सगळ्या बाजूंनी कापतं म्हणून जाळीला सोपं वाटतं, पण काप रुंद आणि कड खडबडीत येते, सरळ रेघ डळमळते. फळी मशीनच्या गळ्यात, म्हणजे ब्लेड आणि मागच्या खांबामधल्या जागेत, फिरवायला मावत नसेल तेवढ्यापुरतंच ते वापरा. सागाचा भुसा नाकाला आणि त्वचेला त्रास देतो, तेव्हा मास्क लावूनच बसा.