‘माझ्यात काही स्किलच नाही, मॅडम’

निकाल लागले की सल्ल्यासाठी माझ्याकडे महिनाभर एकच काळजी येते. मुलं म्हणतात, “डिग्री आहे, पण जाहिरातीत मागतात ते स्किल नाही.” आईवडील विचारतात, “कुठला क्लास लावू? पुण्याला पाठवू काय ओ?” या सगळ्यांसाठी एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. राहायला सोलापूरजवळ, कुंभारीकडच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आई विड्या वळणारी. कॉलेजात आलेल्या कंपनीच्या ग्रुप डिस्कशनमध्ये तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. पहिल्याच भेटीत तिने मोबाइलवरची जाहिरात माझ्यापुढे धरली. संवादकौशल्य, विश्लेषण, टीमवर्क, अडचणी सोडवण्याची हातोटी. “यातलं एकपण नाही माझ्यात.”

“असं कसं, तू हुशार आहेस,” हे मी म्हणत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेलं मला रोज पटतं. ‘मला जमतं’ हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः काम तडीस नेल्यावर. दुसऱ्याने दिलेला धीर फार दिवस पुरत नाही. म्हणून मी विचारलं, “वर्षभरात तुझ्यामुळे कुणाचं अडलेलं काम झालं?”

“नाही.”

तीन भेटी हेच उत्तर. चौथ्या वेळी ती उशिरा आली. “आईबरोबर कारखान्यात गेलते. पानाचं भांडण होतं.”

“कसलं भांडण?”

मग ती थांबलीच नाही. कारखान्यातून पान आणि तंबाखू मापून मिळते आणि त्यात ठरलेल्या विड्या भराव्या लागतात. पान फाटकं, किडकं निघालं की विड्या कमी पडतात आणि बाईला पदरचं पान घालावं लागतं. वर छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, निघते ती वेगळी. हिने गल्लीतल्या ५ बायकांचा ३ आठवड्यांचा हिशेब वहीत ठेवला होता: पान किती मिळालं, वाया किती गेलं, विड्या किती भरल्या, छाट किती. एका ठरावीक दिवशी आलेल्या पानातच नासाडी जास्त होती. ती वही घेऊन पाचही जणी मुनीमकडे गेल्या. “शेजारची अक्का लगेच तापती. तिला सांगितलं, तू शेवटी बोल.” मुनीमने पान बदलून दिलं.

मी तिची जाहिरात वहीशेजारी ठेवली आणि म्हटलं, “वाच.”

‘विश्लेषण’ वाचून ती वहीकडे बघत राहिली. ‘टीमवर्क’ला हसली, अक्का आठवली असावी. मग हळूच म्हणाली, “पण मॅडम, हे तर घरचं काम आहे.”

ते वाक्य ऐकलं आणि इतकी वर्षं ऐकत आलेल्या तक्रारीचं मूळ मला सापडलं. जे वर्गाबाहेर शिकलो ते शिक्षणच नव्हे, हे आपल्या मुलांना कुणी तोंडाने सांगत नाही, पण ती शिकतात. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०२५ च्या अहवालात १० पैकी ७ कंपन्यांनी विश्लेषक विचार अत्यावश्यक मानला आहे. तो विडी घरकुलातल्या एका शंभरपानी वहीत होता.

सगळंच होतं असं मात्र नाही. इंग्रजी कच्चं होतं, एक्सेल येत नव्हतं. ती वहीच आम्ही एक्सेलमध्ये चढवायला घेतली, म्हणून ते लवकर आलं. मग तोच प्रसंग इंग्रजीत, आधी चार वाक्यांत. पुढच्या मुलाखतीत ती बोलली.

पण एकेका मुलाला माझ्या खोलीत बसवून किती जणांचं होणार? एका कॉलेजात मी हे मांडलं. तिथे वर्षातून एकदा व्यक्तिमत्त्व विकासाची कार्यशाळा होई. हॉलमध्ये २०० मुलं, शेवटी प्रमाणपत्र. २०० जणांत दिवसभर बोलायला मिळतं एकालाच, आणि तो वक्ता असतो.

माझं म्हणणं साधं होतं. पाच-पाच जणांचे गट करा. सोलापुरात टॉवेलचे कारखाने आहेत, गणवेश शिवणारे आहेत. त्यांच्यातला एक खरा प्रश्न सहा महिने मुलांच्या हाती द्या: ऑर्डर कुठे रखडते, माल कुठे वाया जातो. मुलं मोजतील, कामगारांशी बोलतील, मालकापुढे मांडतील. मालक म्हणेल, “हे चुकलंय.” मग परत जाऊन दुरुस्त करतील. ही दुसरी फेरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि शिकणं घडतं ते तिच्यातच. गुणही त्यासाठीच द्या: आधी काय वाटलं होतं, नंतर काय बदललं. नव्या शैक्षणिक धोरणात इंटर्नशिपला श्रेयांक (क्रेडिट) आहेत. ओळखीच्या दुकानाचं पत्र आणून ते मिळवायला मुलांना लावू नका, ही माझी प्राचार्यांना आणि पालकांनाही कळकळीची विनंती आहे. क्लास जरूर लावा, पण आधी मुलाला विचारा की घरात, गल्लीत तो काय निस्तरतो.

त्या कॉलेजने ४ गटांपासून सुरुवात केली आहे. ती मुलगी आता एका टॉवेल कारखान्याच्या हिशेबात आहे. परवा तिचा फोन आला, त्या गटांपुढे बोलायला बोलावलंय म्हणून. “एक्सेलची प्रिंट नेऊ का, मॅडम?”

मी म्हटलं, “वही ने.”