डावे पक्ष सगळीकडे फुटतात, किंमत मात्र वेगवेगळी

या वेळी खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवतीची असल्याने त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : बातम्यांमध्ये ब्रिटनचा मजूर पक्ष, जर्मनीतील ‘दी लिंक’, श्रीलंकेतील जनता विमुक्ती पेरामुणा आणि आपल्याकडील कम्युनिस्ट पक्ष या सर्वांना सरसकट डावे म्हटले जाते. यांची तुलना करायची तर ती कशाच्या आधारे करावी? जाहीरनामे वाचून फारसे काही हाती लागत नाही. (एक निवृत्त शिक्षक, अमळनेर)

उत्तर : जाहीरनाम्यांतून पक्षाची भाषा कळते, घडण कळत नाही, त्यामुळे आपला अनुभव बरोबरच आहे. त्याऐवजी दोन गोष्टी आधी तपासाव्यात. पक्ष कोणाच्या पोटी जन्मला, ही पहिली. आणि त्याला पडलेल्या मतांच्या जागा कोणत्या नियमाने होतात, ही दुसरी.

ब्रिटनमध्ये कामगार संघटना आधी होत्या. पार्लमेंटमध्ये आपली माणसे असावीत म्हणून त्यांनी १९०० मध्ये समाजवादी गटांना सोबत घेऊन जी समिती नेमली, तिचाच पुढे मजूर पक्ष झाला. उत्पादन साधनांच्या सामाईक मालकीचे ध्येय सांगणारे पक्षघटनेतील चौथे कलम १९९५ मध्ये बदलण्यात आले, तरी अनेक संघटना आजही पक्षाशी संलग्न आहेत. श्रीलंकेतील पेरामुणाची वाट याच्या अगदी उलट आहे. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाने १९७१ मध्ये आणि पुन्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस सशस्त्र उठाव केले, दोन्ही वेळा तो चिरडला गेला, आणि नंतर तो संसदीय मार्गाला लागला. त्याच्या नेतृत्वाखालील आघाडीला २०२० मध्ये २२५ पैकी ३ जागा होत्या. आर्थिक दिवाळखोरीनंतर झालेल्या २०२४ च्या निवडणुकीत त्या १५९ झाल्या. या दोन पक्षांना एका रांगेत बसवले, तर रांगेला काही अर्थ उरत नाही.

आपल्या अमळनेरात प्रताप मिलच्या कामगारांमध्ये लाल बावट्याची संघटना होती, म्हणून भारतातील फरकही येथेच सांगतो. आपल्याकडे पक्ष फुटला की त्याची चीर कामगार संघटनेपर्यंत जाते. कम्युनिस्ट पक्ष १९६४ मध्ये दुभंगला आणि १९७० मध्ये आयटक या कामगार महासंघातून सीटू हा दुसरा महासंघ वेगळा निघाला. काँग्रेसची इंटक आणि समाजवाद्यांची हिंद मजदूर सभा त्याआधीच निराळ्या झाल्या होत्या. ब्रिटनमध्ये १८६८ पासूनचा संघटनांचा एकच महासंघ टिकून आहे. आपल्याकडे एकाच गिरणीच्या फाटकावर तीन-तीन रंगांचे झेंडे दिसत, त्याचे कारण हेच.

प्रश्न : डावे पक्ष जगभर सतत फुटत राहतात. हा त्यांचा स्वभावदोष मानावा काय? (राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी, शहादा)

उत्तर : पक्ष फुटणे ही डाव्यांची मक्तेदारी नाही, हे महाराष्ट्रातील वाचकाला गेल्या काही वर्षांनंतर वेगळे सांगण्याची गरज नसावी. डाव्यांची फूट तात्त्विक ठरावांच्या रूपाने कागदावर उतरलेली असते, म्हणून ती अधिक ठळक दिसते, एवढेच. अभ्यासकाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे : फुटलेल्या पक्षाला निवडणुकीत त्याची किती किंमत मोजावी लागते? ही किंमत मतमोजणीचा नियम ठरवतो, आणि तो देशागणिक बदलतो.

जर्मनीत मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, परंतु देशभरात किमान पाच टक्के मते नसतील तर पक्ष बाहेर राहतो. याला एक अपवाद आहे. तीन मतदारसंघांत थेट विजय मिळवणाऱ्या पक्षाला ही अट लागू होत नाही. २०२१ मध्ये ‘दी लिंक’ला ४.९ टक्के मते पडली. बर्लिनमधील दोन आणि लाइपझिगमधील एक अशा तीनच जागा तिने थेट जिंकल्या होत्या, आणि त्यांच्या जोरावर तिचे ३९ प्रतिनिधी संसदेत गेले. पुढे ‘दी लिंक’च्याच नेत्या झारा वागेनक्नेख्त यांनी बाहेर पडून २०२४ च्या आरंभी आपला पक्ष काढला. फेब्रुवारी २०२५ मध्ये या नव्या पक्षाला सुमारे २४ लाख ७० हजार मते मिळाली, म्हणजे ४.९८ टक्के. उंबरठा दहा हजारांहूनही कमी मतांनी हुकला आणि पदरात एकही जागा पडली नाही. जुन्या ‘दी लिंक’ने मात्र त्याच निवडणुकीत पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास मजल मारली.

फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला दोन फेऱ्या असतात आणि दुसऱ्या फेरीत दोघेच उरतात. २००२ मध्ये समाजवादी पक्षाचे लिओनेल जोस्पँ यांना १६.१८ टक्के मते मिळाली, तर अतिउजव्या ल पेन यांना १६.८६. फरक दोन लाखांहून कमी मतांचा होता, आणि डाव्यांमधील अनेक उमेदवारांपैकी एकट्या क्रिस्तियान तोबिरा यांना साडेसहा लाखांवर मते होती. दुसऱ्या फेरीत डाव्या मतदारांना उजव्या पक्षाचे शिराक यांना मत देण्यावाचून पर्याय उरला नाही.

आता उरुग्वे पाहा. माझ्या मते डाव्या पक्षांच्या तुलनेत या लहानशा देशाकडे फार दुर्लक्ष होते. तेथे कम्युनिस्ट, समाजवादी, ख्रिस्ती लोकशाहीवादी अशा अनेकांनी मिळून १९७१ मध्ये ‘फ्रेंते आम्प्लिओ’ म्हणजे विशाल आघाडी उभी केली. पूर्वीचे सशस्त्र गनिमही पुढे तिच्यात आले. मतदार पाकिटात एक छापील यादी टाकतो आणि प्रत्येक यादीला क्रमांक असतो. कम्युनिस्टांची यादी १००१, माजी गनिम होसे मुहिका यांच्या गटाची ६०९. मत आधी संपूर्ण आघाडीच्या खात्यात जमा होते, आघाडीला किती जागा हे त्यावरून ठरते, आणि मग त्या जागा आतल्या याद्यांमध्ये त्यांच्या बळानुसार वाटल्या जातात. त्यामुळे भांडायचे ते आत, मतदाराच्या साक्षीने भांडता येते आणि बाहेर कोणाचे नुकसान होत नाही. या आघाडीने २००४ मध्ये पहिल्यांदा सत्ता जिंकली, पंधरा वर्षे राखली, २०१९ मध्ये गमावली आणि २०२४ च्या निवडणुकीत पुन्हा मिळवली.

येथे फैजपूरची आठवण येणे स्वाभाविक आहे. डिसेंबर १९३६ मध्ये तेथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, तेव्हा १९३४ मध्ये स्थापन झालेला काँग्रेस समाजवादी पक्ष काँग्रेसच्या आतच होता, आणि अधिवेशनात शेतीविषयक कार्यक्रमही संमत झाला. परंतु आतल्या गटाचे बळ मतपेटीतून वेगळे मोजण्याची सोय त्या रचनेत नव्हती. समाजवादी १९४८ मध्ये बाहेर पडले. ही सोय असती तर ते थांबलेच असते, असा दावा मी करणार नाही, पण बाहेर पडण्याची घाई कदाचित कमी झाली असती.

आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, असा नियम आहे आणि त्याची गणिते चक्रावून टाकणारी असतात. मजूर पक्ष २०१७ मध्ये ४० टक्के मते घेऊनही हरला आणि २०२४ मध्ये ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा घेऊन सत्तेवर आला. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला २००४ च्या लोकसभेत ५.६६ टक्के मतांवर ४३ जागा होत्या. २००९ मध्ये मते ५.३३ टक्के झाली आणि जागा १६ उरल्या. अशा नियमाखाली बंगाल आणि केरळमध्ये एकवटलेल्या पक्षाला फूट काही काळ पचते. जिल्ह्या-जिल्ह्यांत विखुरलेल्या महाराष्ट्रातील डाव्यांना मात्र ती मुळीच परवडत नाही. नेपाळमधील दोन मोठ्या कम्युनिस्ट पक्षांनी हे ओळखले होते. २०१७ मध्ये जागावाटप करून त्यांनी थेट निवडीच्या १६५ पैकी ११६ जागा घेतल्या, २०१८ मध्ये ते विलीन झाले, आणि २०२१ मध्ये पुन्हा वेगळे झाले.

प्रश्न : अमेरिकेत एवढे कामगार असूनही मजूर पक्ष का नाही? (एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : प्रयत्न झाले नाहीत असे नाही. रेल्वे कामगारांचेच नेते असलेल्या युजीन डेब्स यांना १९१२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी सुमारे ६ टक्के मते मिळाली, आणि १९२० मध्ये तर ते तुरुंगातून उभे राहूनही नऊ लाखांवर मते घेऊन गेले. परंतु प्रत्येक राज्यात एकच विजेता ठरवणाऱ्या पद्धतीत ही मते विरून गेली. पुढे मोठ्या पक्षांतील, उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुका सर्वांना खुल्या झाल्यामुळे डाव्या उमेदवाराला नवा पक्ष काढण्यापेक्षा डेमोक्रॅटिक पक्षातच झगडणे सोपे वाटू लागले. बर्नी सँडर्स यांनी २०१६ आणि २०२० मध्ये तेच केले.

प्रश्न : आमच्या धुळ्यातील कॉम्रेड शरद पाटील यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. अशा पक्षाची तुलना परदेशातील कोणत्या पक्षाशी करता येईल? (एक वाचक, धुळे)

उत्तर : युरोपात शोधू नये, तेथे सापडणार नाही. वर्गलढ्याइतकाच जातिअंताचा लढाही मूलभूत मानावा या आग्रहातून शरद पाटील मार्क्सवादी पक्षाबाहेर पडले आणि १९७८ मध्ये त्यांनी मार्क्स, फुले आणि आंबेडकर यांना एकत्र आणणारा पक्ष स्थापन केला. वर्ग आणि जन्माने ठरलेला समाज हे दोन्ही प्रश्न एकाच पक्षाने हाती घेण्याचे जवळचे उदाहरण बोलिव्हियात आहे. तेथील शेतकरी आणि कोका उत्पादकांच्या संघटनांनी १९९५ मध्ये आपले ‘राजकीय साधन’ तयार केले. निवडणुकीसाठी नोंदणी मिळेना, तेव्हा दुसऱ्या एका नोंदलेल्या पक्षाचे नाव घेऊन त्यांनी निवडणूक लढवली. तोच ‘मास’ पक्ष. कोका उत्पादकांचे नेते एव्हो मोरालेस डिसेंबर २००५ मध्ये जवळपास ५४ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले.

साम्य येथपर्यंतच. बोलिव्हियात संघटनांनी स्वतःहून पक्ष घडवला; आपल्याकडे शहाद्याला भिल्ल शेतमजुरांची श्रमिक संघटना १९७२ मध्ये उभी राहिली, धुळ्यात पक्ष विचारातून जन्मला, आणि या दोहोंचे मिळून निवडणुकीचे एकच साधन झाले नाही. शिवाय बोलिव्हियात २००१ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक लोकांनी स्वतःला मूलनिवासी म्हणवले होते. खानदेशात भिल्ल, पावरा, दलित आणि कुणबी यांच्यातील उतरंड अशी आहे की शोषित म्हणून सर्वांची एकच ओळख सांगितली, तरी जमीन आणि मजुरीच्या प्रश्नावर ते समोरासमोर येतात. सत्यशोधक पक्ष राज्य पातळीवर निवडणुकीतील शक्ती झाला नाही, याचे खापर केवळ नेतृत्वावर फोडणे म्हणूनच मला पटत नाही. मोरालेस आणि त्यांचेच उत्तराधिकारी लुइस आर्से यांच्या भांडणात ‘मास’ दुभंगला आणि २०२५ मध्ये त्याचा उमेदवार तीन टक्क्यांच्या आसपास राहिला, हेही तुलना करताना विचारात घ्यावे.