रेणू गोठत नाहीत, निवतात

प्रश्न आलाय: 'सिंपथेटिक कूलिंग'ला, म्हणजे गार अणूंच्या सोबतीने रेणू थंड करण्याला, 'सहानुभूती शीतलन' म्हणावं का? आणि "शास्त्रज्ञांनी रेणू गोठवले" हे चालेल का?

दुसऱ्याचं आधी, कारण ते वाचलं की माझं डोकं तापतं. गोठतं ते तूप, गोठतं ते रक्त. पातळ होतं ते घट्ट झालं, की गोठलं. 2020 साली अमेरिकेतल्या एमआयटीत भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग केटर्ले यांच्या गटाने सोडियम-लिथियमचे रेणू 2 मायक्रोकेल्विनवरून (निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचे दोन दशलक्षांश) 220 नॅनोकेल्विनपर्यंत, म्हणजे त्याच्याही जवळपास नवव्या हिश्शापर्यंत, खाली आणले. तरी त्यांचा वायूच राहिला, आपल्या हवेहून कितीतरी विरळ. यात गोठलं काय?

निवले म्हणा! 'निवणे' आलं 'निर्वाति'वरून. त्यातला 'वा' म्हणजे वाहणे, 'वारा'तला तोच. निर्वाति म्हणजे फुंकर लागून विझतो, शांत होतो. प्राकृतात 'णिव्वाइ', मराठीत 'निवणे'. म्हणजे बशीतला चहा आणि बुद्धाचं निर्वाण एकाच घरचे! आमचे एक संस्कृतज्ञ स्नेही 'निवणे'चं मूळ 'निवृत्त'मध्ये शोधतात. मग त्यातला 'त्त' कुठे गेला? 'भक्त'चा 'भत्त' झाला, 'भत्त'चा 'भात' झाला, तरी 'त' शाबूत आहे. इथेच तेवढा वाफ होऊन उडाला?

आणि प्रयोगात फुंकरच आहे. रेणू आणि सोडियमचे सुटे अणू लेझरच्या एकाच सापळ्यात. सापळा हळूहळू ढिला केला, की चपळ, तापलेले अणू आधी निसटतात. मागे उरलेले गार अणू रेणूंवर आदळतात आणि त्यांची ऊब काढून घेतात. या टकरीत सोडियम रेणूशी रासायनिक क्रिया करून तो मोडण्याचा धोका होता. दोघांचे स्पिन (कणांचा फिरकीसारखा अंगभूत गुण) एकाच दिशेला ठेवल्याने तो बराच टळला.

निवलेला भात गार कुठे असतो, कोमटच असतो, असा आक्षेप येईल. येऊ द्या. निवणं किती अंशांवर थांबावं हे भाताने ठरवू नये.

हां, 'सहानुभूती' राहिलीच. नको. सोडियमला रेणूंची कणव आलेली नाही. सतारीच्या तरफेच्या तारा न छेडताच झंकारतात, इंग्रजीत त्यांनाही 'सिंपथेटिक' हेच विशेषण लावतात. 'सोबतीने निववणे' लिहा.