पेशंट बिघडतोय हे सिनियर सिस्टरांना आधीच कसं कळतं? ते शिकता येतं का?

तुम्ही लिहिलंय की नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, इंजेक्शन, कॅथेटर, ड्रेसिंग यांवर हात बसलाय, पण पेशंट बिघडत असल्याचं सिनियर सिस्टरांना कळतं तेव्हा तुम्हाला काहीच वेगळं दिसत नाही. ही नजर उपजत असते का, असं विचारलंय. नाही. शिकता येते, आणि मी ती कशी शिकले तेच सांगते.

विद्यार्थिनी असताना माझ्याकडे पोटाचं ऑपरेशन होऊन चार तास झालेले एक काका होते. ओटीतून आले तेव्हा बीपी १३०/८०, पल्स ८४. मी घेतलं तेव्हा बीपी १२४/९२, पल्स १०४, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९७. श्वास मी मोजलेच नाहीत. वरच्या ओळीत २० होते, तेच खाली उतरवले. इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं, "स्टेबल आहेत."

सिस्टर बेडजवळ गेल्या. चादरीखाली हात घालून त्यांनी पाऊल चाचपलं, मग गुडघा. बोटाचं नख दाबून सोडलं. वाकून युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, पाहिली. मग मनगट धरून, घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट उभ्या राहिल्या. श्वास २६ होते. काका म्हणाले, "काही नाही हो, हे पांघरूण काढा जरा, कसंतरीच होतंय." हेच वाक्य मी आधी दोनदा ऐकलं होतं आणि पांघरूण सारखं करून पुढच्या बेडकडे गेले होते. आत रक्तस्राव सुरू होता. काकांना लगेच परत ओटीत नेलं, आणि ते वाचले.

सिस्टरांनी पाहिलेली एकही गोष्ट माझ्या अभ्यासाबाहेरची नव्हती. रक्त कमी पडू लागलं की शरीर आधी बीपी सावरतं. हृदय वेग वाढवतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून पाऊल गार पडतं, दाबलेल्या नखाचा रंग परतायला २ सेकंदांहून जास्त लागतात, आणि बीपीचा खालचा आकडा वर सरकतो. काकांच्या दोन आकड्यांतलं अंतर ५० वरून ३२ वर आलं होतं. मी फक्त १२४ पाहिला. मूत्रपिंडांकडे जाणारं रक्तही घटतं. लघवी ताशी दर किलोला निदान ०.५ मिली हवी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिली. बॅगेत तासाभरात जेमतेम १५ होती. तब्येतीनं धडधाकट माणसाचा वरचा आकडा साधारण ३० टक्के रक्त जाईपर्यंत टिकून राहू शकतो, तेव्हा बीपी पडायची वाट पाहत बसलात तर फार उशीर झालेला असतो. (पेशंट बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचा वेग कमी ठेवणारं औषध, घेत असेल तर पल्सही वाढेलच असं नाही. औषधांची यादी वाचायची ती यासाठी.)

श्वासांबद्दल मी जरा जास्तच आग्रही आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१७ साली सुधारून आणलेल्या न्यूज-२ या, पेशंट बिघडतोय हे लवकर ओळखायच्या पद्धतीत प्रत्येक मोजमापाला गुण असतात; जितकं बिघडलेलं, तितके जास्त. श्वास १२ ते २० असतील तर ०, २१ ते २४ असतील तर २, आणि २५ किंवा जास्त असतील तर ३. मी नंतर काकांचे आकडे त्यात घालून पाहिले. मी उतरवलेले २० धरले, तर पल्सचा मिळून एकूण १ गुण. खरे २६ धरले, तर ४, आणि कुठल्याही एका मोजमापाला ३ आले की तातडीनं तपासणी हवी. एका नकललेल्या आकड्यानं माझा सगळा चार्ट खोटा केला होता. श्वास पूर्ण ६० सेकंद मोजा, आणि मनगट हातात ठेवूनच मोजा. आपले श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो.

नर्सिंगच्या प्राध्यापिका क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ साली क्लिनिकल जजमेंटचे, म्हणजे पेशंटकडे बघून निर्णय घेण्याचे, चार भाग मांडले: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं, आणि झाल्या गोष्टीवर परत विचार करणं. शिकताना आपण तिसऱ्याच्या मागे धावतो. पहिला भाग मात्र ज्याला आपण साधी केअर म्हणतो तिथेच घडतो. स्पंजिंग करताना माकडहाडावर लालसर डाग दिसला, तर बोटानं दाबा. दाबूनही पांढरा पडत नसेल तर बेडसोर सुरू झालाय. कूस बदलताना जो काल स्वतः वळत होता तो आज वळत नाही, हे फक्त तुमच्या हातांना कळणार.

एक सवय लावा. ड्युटी घेतल्यावर प्रत्येक पेशंटपुढे एक ओळ लिहा: याला आज काय होऊ शकतं, आणि झालं तर मला सगळ्यात आधी काय दिसेल? ड्युटी संपताना ती ओळ पुन्हा वाचा. पहिले काही आठवडे बरेच अंदाज चुकतील, तरी लिहा.

शंका आली की इन्चार्ज सिस्टरांना लगेच सांगा, आणि आकडे बदलासकट सांगा: "सिस्टर, बेड ७, ऑपरेशनला ४ तास झाले. पल्स ८४ वरून १०४, श्वास २६, तासाची लघवी १५ मिली, पाय गार. बीपी १२४ आहे, पण मला आतल्या रक्तस्रावाची भीती वाटते. आत्ता येऊन बघाल का?" "ठीक वाटत नाहीत" एवढंच म्हणालात, तर हातातलं काम संपवून बघू, असं उत्तर येऊ शकतं.

आणि नातेवाईकांचं ऐका. "आई आज वेगळंच बोलतेय" हे ऐकलं की घाबरू नका म्हणून पुढे जाऊ नका. नव्यानं आलेल्या गोंधळाला न्यूज-२ मध्ये एकदम ३ गुण आहेत. एरवी त्या कशा बोलतात, हे कधीपासून सुरू झालं, ते तिथेच विचारा आणि वेळेसकट चार्टवर लिहा.